आधी ब्रेक, मग इंजिन!

मागच्या अंकातलं कोडं आठवतंय ना? जुन्या काळ्या, उंच सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ तारा असतात आणि मागच्या चाकाला ४०. असं का? उत्तरं भराभर आली. कुणी लिहिलं, "मागे कॅरिअर असतं म्हणून." कुणी लिहिलं, "मागे डबलसीट बसवतात म्हणून." उत्तर बरोबर आहे, पण मार्क निम्मेच हं!

मागच्या चाकावर वजन जास्त पडतं, हे खरंच. पण आणखी एक कारण आहे. तुम्ही पायडल मारलं की चेन मागच्या चाकाला ओढते. ती ओढ मधल्या हबपासून तारांमधूनच रिमपर्यंत पोचते. पुढचं चाक बिचारं नुसतं ढकललं जातं. मागच्या चाकाला मात्र ओझंही उचलायचं आणि गाडीही पळवायची. दोन कामं, म्हणून आठ तारा जास्त.

या आठ तारा लक्षात ठेवा. आज त्यांचंच काम आहे. कारण तुमच्या पत्रांतून एक फर्माईश सारखी येतेय, "गुरुजी, सायकलला इंजिन कसं बसवायचं ते सांगा ना!" कुणाच्या घरी फवारणी पंपाचं जुनं इंजिन पडलंय. कुणी बॅटरीवरच्या मोटरचा संच दुकानात टांगलेला पाहिलाय. सुट्टी आली की हात शिवशिवणारच!

सांगतो. पण मी उलट्या बाजूनं सुरुवात करणार. इंजिन सगळ्यांत शेवटी. का, ते वाचता वाचता कळेलच.

रेडिओचं इंजिन सायकलवर

आधी एक गोष्ट. १९४६ साल. दुसरं महायुद्ध संपून वर्ष झालं होतं. जपानमध्ये सगळ्याचीच टंचाई होती. आगगाड्यांना मरणाची गर्दी, पेट्रोल मिळत नव्हतं. लोक धान्य-भाजी आणायला सायकलवर मैलच्या मैल जात. हामामात्सु गावात सोइचिरो होंडा नावाचे एक खटपटे गृहस्थ राहत. त्यांना एक छोटं इंजिन दिसलं. लष्कराच्या रेडिओ संचाला वीज पुरवण्यासाठी बनवलेलं, युद्ध संपल्यावर कुणाला नको असलेलं. होंडांच्या मनात आलं, हे सायकलवर का बसवू नये?

पेट्रोलच्या टाकीला काय वापरलं असेल त्यांनी? थंडीत अंथरूण उबदार राहावं म्हणून जपानी लोक गरम पाणी भरलेलं एक भांडं पायाशी घेऊन झोपतात. त्या भांड्याचीच केली टाकी! पहिल्यांदा इंजिन पुढच्या चाकावर बसवून पाहिलं. ते जमेना. मग पट्ट्यानं मागचं चाक फिरवलं. होंडांच्या पत्नी साची यांनी ही सायकल गावातून चालवून पाहिली. पाहता पाहता मागणी वाढली. तसली जुनी इंजिनं सुमारे ५०० मिळाली, ती सगळी संपली. मग होंडांनी १९४७ साली स्वतःचं इंजिन बनवलं.

गोष्ट इथवर बहुतेकांना आवडते. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. इंजिनाची ताकद वाढत गेली तशी साधी सायकल तिला पुरेना. म्हणून १९४९ साली 'ड्रीम' नावाची गाडी आली, तेव्हा होंडांनी तिचा सांगाडा सायकलवाल्याकडून न घेता स्वतःच घडवला. म्हणजे इंजिन मोठं करायचं तर गाडीही तशीच पक्की हवी, हे त्यांनी ओळखलं.

असे खटपटे सगळीकडे होते. फ्रान्समध्ये १९४६ साली 'वेलोसोलेक्स' आली. तिचं इंजिन पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसलेलं. त्याची एक रुळी टायरवर घासायची आणि चाक फिरवायची. ताकद अगदी बेताची, पण अशा ७० लाखांहून जास्त गाड्या बनल्या! इंग्लंडमध्ये १९५० साली 'सायकलमास्टर' निघाली. तिच्यात तर इंजिन मागच्या चाकाच्या पोटातच. आपल्या सायकलचं मागचं चाक काढायचं आणि हे इंजिनवालं चाक बसवायचं. बनवणाऱ्यांनी त्याच चाकात ब्रेकही घालून दिला होता. इंजिन विकलं तर ब्रेकही विकायचा, हा शहाणपणा बघा!

आणि आपली लूना? १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं ती आणली. ५० सीसीचं इंजिन, आणि शिवाय पायडलं! तुमच्या आईबाबांना विचारा, चढावर लूना दमली की पायडल कसं मारायचे ते. दिसायला ती सायकलची धाकटी बहीण. पण नीट पाहा, म्हणजे कुठे जुनी लूना दिसली तर! चाकं लहान आणि जाड. तारा जाड. दोन्ही चाकांच्या मधे हे मोठे डबे. त्या डब्यांत काय असतं? ब्रेक!

वेग दुप्पट, थांबणं चौपट

आता थोडं गणित. घाबरू नका, पाढ्यांपलीकडे जाणार नाही.

समजा, तुम्ही आरामात सायकल चालवताय, ताशी १२ किलोमीटर. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. ब्रेक दाबल्यावर सायकल सुमारे २ मीटरांत थांबली. आता वेग दुप्पट केला, ताशी २४. किती मीटरांत थांबेल? वर्गात हा प्रश्न विचारला की जवळजवळ सगळे हात वर होतात आणि एका सुरात उत्तर येतं, "चार!"

चूक. आठ मीटर लागतील. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं. वेग तिप्पट, म्हणजे ताशी ३६ झाला, तर नऊपट, म्हणजे १८ मीटर! दोनाचा वर्ग चार, तिनाचा वर्ग नऊ. धावत्या गाडीतली शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ब्रेकला ती सगळीच्या सगळी संपवावी लागते.

अजून एक गोष्ट राहिली. ब्रेक दाबायचा हे सुचून बोटं हलेपर्यंत वेळ जातो ना? धरा एक सेकंद. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच १० मीटर गेले. १० आणि १८ मिळून २८ मीटर. आता डोळ्यांसमोर आपली गल्ली आणा. चेंडूमागे धावत एखादं लहान पोर मधे आलं. ते तुमच्यापासून २८ मीटरांवर असेल, की पाचावर?

पायानं सायकल चालवताना आपण सहसा ताशी १२ ते १५ किलोमीटरच जातो. सायकलचे ब्रेक, हब, तारा, सगळं त्याच हिशेबानं बनवलेलं असतं. तिच्यावर इंजिन चढवून वेग दुप्पट केला, तर ब्रेकवर चौपट काम पडतं. म्हणून जगभर जे कारागीर इंजिनाच्या सायकली मनापासून बांधतात, ते आधी चाकं आणि ब्रेक बघतात. इंजिन मागाहून.

हब म्हणजे तुंबाच की!

बैलगाडीचं चाक पाहिलंय? मधे लाकडी तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर लोखंडी धाव. सायकलचं चाकही तसंच. तुंब्याच्या जागी हब, आऱ्यांच्या जागी तारा, धावेच्या जागी रिम आणि टायर.

पण एक मोठा फरक आहे. बैलगाडीचा आरा जाडजूड लाकडाचा. ओझं आलं की तो खांबासारखा उभा राहून ते पेलतो. सायकलची तार खांबासारखी उभी राहील का? दोन बोटांनी दाबा, लगेच वाकेल. तार दाबाला कच्ची आणि ताणाला पक्की. म्हणून सायकलच्या सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. चारी बाजूंनी सारखी ओढ, म्हणून हब बरोबर मधोमध राहतो. सायकलवाला चाकाचा आऊट काढताना तारांवर टिचकी मारून ऐकतो, ते पाहिलंय? ताणलेली तार टणटण वाजते. ढिली तार भद्द आवाज काढते. तंबोरा लावण्यासारखंच ते काम!

आता तारांची दिशा पाहा. त्या हबपासून सरळ बाहेर जात नाहीत. तिरप्या जातात आणि एकमेकींना ओलांडतात. ही युक्ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली काढली. कारण असं, की तारा सरळ असल्या तर हब पिळला जाताना तो आधी थोडा नुसताच फिरेल, मग कुठे रिमला ओढेल. तिरप्या तारा मात्र हब फिरताक्षणी रिमला खेचतात.

इंजिन बसवणाऱ्याचं खरं दुखणं इथेच आहे. पायाच्या ताकदीपेक्षा इंजिनाची ओढ मोठी, आणि दिवसभर न थकणारी. ती तारांमधूनच जाणार. काही संचांत तर इंजिनाचं दातेरी चक्र हबवर बसवतच नाहीत. रबराच्या दोन चकत्यांमधे तारा धरून, बोल्टांनी तारांवरच आवळतात. तार ताणायला बनवलेली. तिला असं मधेच आवळून आडवं ओढलं तर काय होणार? चाक डुगडुगायला लागतं, बोल्ट ढिले होतात, एक तार तुटते. मग तिचं ओझं शेजारणीवर, की तीही तुटते.

चांगला कारागीर काय करतो? तो चक्र थेट हबवर बसवतो. साध्या सायकलची तार साधारण २ मिलिमीटर जाड असते, तो २.६ मिलिमीटरची घेतो. तुम्ही म्हणाल, एवढ्याशानं काय होणार? करा गुणाकार. २ गुणिले २ म्हणजे ४. २.६ गुणिले २.६ म्हणजे ६.७६. म्हणजे तार जवळजवळ १.७ पट ओझं पेलते!

हबच्या आतला दांडा, म्हणजे अक्ष, त्याचीही तीच कथा. साध्या सायकलचा अक्ष साधारण १० मिलिमीटर जाड. तो १४ मिलिमीटरचा घेतला, तर वाकायला किती जास्त जोर लागेल? इथे तर घन करायचा! १.४ गुणिले १.४ गुणिले १.४. उत्तर येतं पावणेतीन पटीच्या आसपास. चार मिलिमीटर म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहूनही कमी. पण फरक केवढा!

ब्रेक म्हणजे उष्णतेचा कारखाना

हातावर हात घासा. गरम झाले? ब्रेकचं कामही एवढंच. धावत्या गाडीतली शक्ती घासून घासून तिची उष्णता करायची आणि ती हवेत सोडून द्यायची. फरक एवढाच, की ती कुठे घासायची.

काळ्या सायकलीला रॉडचा ब्रेक असतो. त्याचे रबर रिमवर दाबतात. साधा, स्वस्त, कुणालाही दुरुस्त करता येतो. पण पावसाळ्यात? लोखंडी रिम ओली झाली की रबर घसरतात. आधी पाणी पुसलं जातं, मग ब्रेक लागतो. तोवर सायकल पुढे गेलेली असते. शाळेत जाताना तुम्हाला हा अनुभव आला असेलच.

दुसरा ड्रमचा ब्रेक. लूनाच्या चाकांत जे डबे होते ना, तेच. डब्याच्या आत दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांना 'शू' म्हणतात. ब्रेक दाबला की त्या फाकतात आणि डब्याला आतून घासतात. डबा बंद, त्यामुळे पाऊस-चिखल सहसा आत जात नाही.

तिसरा डिस्कचा. हबला एक पोलादी तबकडी आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे पॅड. तबकडी उघड्यावर असते म्हणून वाऱ्यानं लवकर निवते.

पण एक गंमत लक्षात आली का? रिमवरचा ब्रेक थेट रिमला धरतो. तारांना पीळ पडत नाही. ड्रम आणि डिस्क मात्र हबला धरतात. हब थांबला, पण रिम आणि टायरला पळायचंच असतं. त्यांना थांबवणार कोण? तारा! म्हणजे ब्रेक भारी घेतला तर हब आणि तारा भारी घ्याव्याच लागतात. नुसता महागाचा ब्रेक आणून कच्च्या चाकाला लावणं म्हणजे मडक्याला लोखंडी झाकण ठेवण्यासारखं आहे.

धूर निघणारा उतार

इंजिन नसलेल्या सायकलींनीही हा धडा शिकवलाय. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळ एक डोंगरी वाट आहे. साडेतीन किलोमीटरांच्या आत ती सुमारे ४०० मीटर खाली उतरते. १९७६ साली तिथल्या काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन त्या वाटेवर शर्यत लावली. त्या सायकलींना मागच्या हबमधे ब्रेक होता. पायडल उलटं दाबलं की तो लागायचा.

वर काय झालं आणि खाली काय झालं? वर ब्रेक उत्तम लागत होता. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा! मग हब उघडायचा, साफ करायचा आणि पुन्हा ग्रीस भरायचं. असं पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रिपॅक' म्हणतात, म्हणून त्या वाटेचंच नाव 'रिपॅक' पडलं.

एवढी उष्णता आली कुठून? हिशेब सोपा आहे. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरू. ४०० मीटर उतरताना जी शक्ती सुटते, तिच्यावर १ लिटर पाणी उकळेल, थंड नळाच्या पाण्यापासून थेट उकळीपर्यंत! त्यातली थोडी वाऱ्यात जाते, पण बाकी सगळी त्या मुठीएवढ्या हबमधे.

मग त्या तरुणांनी काय केलं? शर्यत सोडली नाही. सायकल बदलली. पुढे-मागे मोठे ड्रम ब्रेक लावले. ब्रेकची हँडलं चक्क मोटरसायकलची बसवली. त्यांच्यातल्या जो ब्रीझ यांनी १९७७ साली अशा उतारांसाठी खास नवी सायकल घडवली. आज दुकानात जिला 'माउंटन बाइक' म्हणतात, तिचा जन्म असा धुरातून झाला. इंजिन नव्हतंच त्यांच्याकडे. डोंगरच त्यांचं इंजिन होता. पण वेग वाढला की काय काय बदलावं लागतं, ते त्यांनी अचूक ओळखलं.

अक्ष उलटा फिरतो तेव्हा

आता बॅटरीच्या मोटरकडे येऊ. हल्ली मोटर हबमधेच भरलेली मिळते. वाटतं, किती सोपं! जुनं चाक काढा, नवं लावा. पण इथे एक खाच आहे.

तुम्ही नावेतून काठावर उडी मारता तेव्हा नाव मागे सरकते. तसंच मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा आपल्याच अक्षाला मागे फिरवायला बघते. साध्या सायकलीचा अक्ष नुसता चाक धरून बसतो, त्याला कुणी पिळत नाही. मोटरचा अक्ष मात्र चिमट्याच्या खाचेत सतत पीळ सोसतो. नट ढिला असला किंवा खाच कच्ची असली तर अक्ष गर्रकन फिरतो, वायर तुटतात आणि चाक खाचेतून निसटू शकतं. पुढचं चाक निसटलं तर स्वाराचं काय होईल, ते सांगायला नकोच.

म्हणून अक्षाला एक पोलादी पट्टी अडकवतात आणि तिचं दुसरं टोक चिमट्याला घट्ट बांधतात. तिला 'टॉर्क आर्म' म्हणतात. दिसायला क्षुल्लक, पण तिच्याशिवाय मोटरचं चाक लावायचंच नाही.

तर मित्रांनो, खऱ्या कारागिराचा क्रम असा असतो:

१) आधी सांगाडा तपासायचा. जोडांपाशी तडा नाही ना, चिमटा वाकडा नाही ना.
२) मग हब. अक्ष सरळ हवा, छर्रे आणि कोन झिजलेले नकोत. चाक फिरवलं तर गुळगुळीत फिरायला हवं, धरून हलवलं तर हलायला नको.
३) मग तारा. सगळ्या सारख्या ताणलेल्या.
४) मग ब्रेक. दोन्ही चाकांना, आणि दोन्ही वेगवेगळे चालणारे. एकाची केबल तुटली तरी दुसरा लागला पाहिजे.
५) मग टायर.
६) आणि हे पाचही पास झाले, तरच इंजिन किंवा मोटर.

सायकल बांधणाऱ्याची हुशारी ती किती जोरात पळते यावरून ओळखू नका. ती कुठे आणि कशी थांबते, ते बघा.

करून पाहा

पहिला प्रयोग, रिळाचा. भरतकामाची एक रिंग आणि दोऱ्याचं रिकामं रीळ घ्या. रीळ मधोमध धरून आठ दोरे सरळ रिंगपर्यंत ताणून बांधा. आता रिंग सैल धरा आणि रीळ पिळा. रीळ आधी थोडं फिरतं, मग रिंग हलते. दोरे सोडा. आता चार दोरे एका बाजूला तिरपे आणि चार दुसऱ्या बाजूला तिरपे बांधा. पुन्हा पिळा. रिंग लगेच येते! जेम्स स्टार्लींची युक्ती तुमच्या हातात.

दुसरा, पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा. सायकलवर बसायचं नाही, हं! बाजूनं चालत सायकल ढकला आणि फक्त मागचा ब्रेक दाबा. चाक थांबेल, पण सायकल घसटत पुढे जाईल. आता फक्त पुढचा, हळूच दाबा. सायकल जागच्या जागी थांबेल आणि मागचं चाक उचलायला बघेल. थांबताना सगळा भार पुढे येतो, म्हणून पुढचा ब्रेक जास्त जोर दाखवतो. म्हणूनच चालवताना दोन्ही मिळून, आणि पुढचा बेतानं दाबायचा.

तिसरा, अंतराचा. हा मैदानातच करा, रस्त्यावर नाही, आणि एक मोठं माणूस सोबत हवं. खडूनं किंवा फक्कीनं १० मीटरांवर दोन रेघा मारा. पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंत ४ सेकंदांत जा आणि दुसऱ्या रेघेवर दोन्ही ब्रेक दाबा. किती अंतरात थांबलात ते मोजा. मग तेच १० मीटर २ सेकंदांत. वेग दुप्पट झाला. अंतर किती पट आलं? अगदी चौपट नाही आलं तरी दुपटीपेक्षा बरंच जास्त येईल. वहीत तक्ता करा आणि जमिनीवर पाणी शिंपडून पुन्हा एकदा मोजा, पण या वेळी फक्त ४ सेकंदांच्या वेगानं, हळू.

आईबाबांसाठी चार ओळी

मुलांनी मोटरचा हट्ट धरला तर "नाही" म्हणून विषय संपवू नका. त्यांना घेऊन सायकलच्या दुकानात जा, हब उघडून दाखवायला सांगा. पण नियमही माहीत असू द्या. आपल्या देशात ज्या बॅटरीवरच्या सायकलीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तिला मोटारवाहन धरत नाहीत. त्यापलीकडे गेलं की नोंदणी आणि लायसन्स लागतं, आणि सोळा वर्षांच्या आत लायसन्स कुणालाच मिळत नाही. २०१९ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा वाहनाचा मालक जबाबदार धरला जातो. शिक्षा २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

बॅटरीची सायकल घेताना दुकानदाराला तीन प्रश्न जरूर विचारा. दोन्ही चाकांना ब्रेक कोणते आहेत? ब्रेक दाबताच मोटर आपोआप बंद होते का? आणि हबमध्ये मोटर असेल तर टॉर्क आर्म लावलाय का? जो दुकानदार वेगाचंच कौतुक करतो आणि या प्रश्नांना हसतो, त्याच्याकडून घेऊ नका. आणि फवारणीचं इंजिन फवारणीलाच राहू द्या. ते खोलून, पुसून, पुन्हा जोडायला मात्र मुलांना जरूर शिकवा. हात काळे झाल्याशिवाय डोकं उजळत नाही!

या आठवड्याचं कोडं

डिस्क ब्रेकच्या तबकडीला लहान लहान भोकं पाडलेली असतात. पोलाद वाया घालवून भोकं कशाला? एकापेक्षा जास्त कारणं आहेत बरं का. जो जास्त कारणं शोधेल त्याला पूर्ण मार्क. उत्तर पोस्टकार्डावर, सुवाच्य अक्षरात, आणि सोबत तुमच्या सायकलच्या दोन्ही चाकांच्या तारा मोजून आकडा लिहा.

आणि हो, तारा मोजायला बसाल तेव्हा प्रत्येकीवर एक टिचकी मारा. जी भद्द वाजेल, तिच्यासाठी उद्याच सायकलवाल्याकडे जा.

तुमचे,
गुरुजी